सहकाऱ्याचा पाठ पाहताना



वर्गाच्या मागील बाजूस कोणी वही उघडून बसले की पाठ घेणाऱ्याचा आवाज बदलतो, प्रश्न हुशार मुलांकडेच वळतात, आणि फळा मात्र त्या दिवशी फार सुंदर दिसतो. पाठ पाहणे म्हणजे तपासणी, ही समजूत इतकी रुजलेली आहे की शेजारच्या वर्गातील सहकारीही परका वाटू लागतो.

जपानातील प्राथमिक शिक्षकांनी यातून वाट काढली आहे. ‘जुग्यो केनक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, असे त्या पद्धतीचे नाव. १९९९ साली स्टिग्लर व हीबर्ट या अमेरिकन अभ्यासकांच्या ग्रंथामुळे ती इतर देशांतही परिचित झाली. शिक्षकांचा लहानसा गट एकच पाठ मिळून रचतो. एक जण तो वर्गात घेतो व इतर पाहतात. नंतर चर्चा व दुरुस्ती होते, आणि पुष्कळदा तोच पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. पाठ सर्वांचा असल्यामुळे त्यातील उणीव एकट्याच्या माथी येत नाही.

हातच्याच्या वजाबाकीचेच पाहा. पहिले उदाहरण १२ − ३ घ्यावे की १३ − ९? बारातून तीन काढताना मूल आधी सुटे दोन काढते व मग दशकातून एक घेते. तेरातून नऊ काढताना मात्र दहा काड्यांचा गठ्ठा सोडून त्यातूनच नऊ काढणे सोयीचे पडते. उरलेली एक काडी सुट्या तिनांत मिळविली की चार. एका अंकाच्या निवडीने मुलाच्या विचाराची वाट बदलते. एवढ्याशा गोष्टीवर तासभर चर्चा झाली, तरी तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

पाहणाऱ्यांनी शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहावयाचे असते. उभ्या मांडणीत एखादा मुलगा नवातून तीन वजा करून उत्तर १६ लिहितो. तो गप्प असतो, त्याची पाटी नीटनेटकी असते; फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकास तो दिसत नाही. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यास दिसतो.

दोनशिक्षकी शाळेत हे कसे साधावे, ही अडचण खरी आहे. एक शिक्षक पाहावयास गेला की निम्मी शाळा उघडी पडते. तथापि केंद्राच्या शिक्षण परिषदेस शिक्षक एकत्र येतातच. तो वेळ बव्हंशी पत्रके व माहिती यांतच सरतो, हे मान्य केले पाहिजे. त्यातील एक तास यजमान शाळेच्या एका वर्गास, आधी मिळून रचलेल्या एका पाठासाठी द्यावा. पाहणारे पाच-सहाच असावेत, नाहीतर मुले बुजतात. प्रत्येकाने दोन मुले वाटून घ्यावीत व ती काय करतात तेवढेच टिपावे. चर्चेत प्रथम पाठ घेणाऱ्याने बोलावे, मग पाहणाऱ्यांनी आपापल्या मुलांविषयी सांगावे. केंद्रप्रमुखांनी सर्वांत शेवटी.