वेग हवाच, पण कोर्टात टिकणारा

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले तपास अधिकारी, सरकारी वकील, न्यायसहायक प्रयोगशाळांतील तज्ज्ञ, संगणक अभियंते आणि मित्रहो,

छत्रपती संभाजीनगरात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. बंदोबस्ताच्या धावपळीतून वेळ काढून आणि रात्रीचा प्रवास करून आपल्यापैकी अनेकजण येथे पोहोचला आहात, याची आम्हाला जाणीव आहे.

सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून तपासाला गती देणारी सॉफ्टवेअर हा आपला विषय. तो मराठवाड्यात मांडला जावा, असा आमचा आग्रह होता. इथल्या माणसांनी जमिनीच्या मोबदल्याचे, लेकीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे पतसंस्थांत ठेवले आणि त्यांतल्या काही संस्था त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाल्या. ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी १९९९ साली आपल्या राज्याने केलेल्या कायद्याखाली अशा संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करता येते. पण जप्तीसाठी ती आधी सापडावी लागते, आणि विकली जाण्यापूर्वी सापडावी लागते.

अशा मालमत्तेची बरीचशी माहिती उघड्यावरच असते. संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत, जमीन सातबाऱ्यावर आणि फेरफारात, खरेदीखत इंडेक्स टूमध्ये, गृहप्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर. आणि फार्महाऊसच्या वास्तुशांतीचे फोटो पुष्कळदा एखाद्या नातेवाइकाने हौसेने फेसबुकवर टाकलेले असतात. अडचण आहे ती जुळवाजुळवीची. एकाच माणसाचे नाव एका ठिकाणी आद्याक्षरांत, दुसरीकडे वडिलांच्या नावासह, तिसरीकडे इंग्रजीत भलत्याच स्पेलिंगने. आर्थिक गुन्हे शाखेतला अंमलदार दिवस दिवस बसून हे धागे जुळवतो. नाव, पत्ता, फोन नंबर आणि संचालकपद यांची जाळी मांडून दाखवणारे सॉफ्टवेअर तेच काम काही तासांवर आणते. आरोपी कोठडीत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार, ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र गेले नाही की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तेव्हा हे वाचलेले तास मोलाचे आहेत.

खुली माहिती किती लांब नेऊ शकते, याचे मोठे उदाहरण युक्रेनमधले आहे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ विमान पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. ज्या ‘बुक’ क्षेपणास्त्राने ते पाडले, त्याच्या वाहनाचे लोकांनी रस्त्यांवरून काढलेले फोटो आणि व्हिडिओ बेलिंगकॅट या गटाने जागा आणि वेळ यांनुसार लावले. वाहनाच्या बाजूच्या पट्टीवरची झीज आणि खुणा तपासून तेच वाहन रशियातल्या ताफ्यातही ओळखले. नेदरलँड्ससह पाच देशांच्या संयुक्त तपास पथकाने हे आयते स्वीकारले नाही. स्वतःची पडताळणी केली आणि मे २०१८ मध्ये जाहीर केले की ते वाहन कुर्स्कच्या ५३व्या विमानविरोधी ब्रिगेडचे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये डच न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले आणि चौथ्याला निर्दोष सोडले. खुला पुरावा भक्कम असूनही न्यायालयाने प्रत्येक आरोपीचा हिशेब वेगळा केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आणि दुसरे उदाहरण येथून तासाभराच्या अंतरावरचे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन थांबला. चित्रीकरण होते, त्यासोबतचे कायदेशीर प्रमाणपत्र नव्हते. वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य, मात्र सर्व प्रयत्न करूनही ज्याला ते मिळाले नाही, त्याला सूट. आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीची हॅश किंमतही (नोंद बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) भरावी लागते आणि तज्ज्ञाची सहीही लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की जे सॉफ्टवेअर माहिती झटपट शोधते, पण ती कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणी उतरवली आणि तिची हॅश काय होती हे त्याच क्षणी नोंदवत नाही, ते सरकारने विकत घेऊ नये. पोस्ट रात्रीत पुसली जाते. स्क्रीनशॉटवर उभा केलेला तपास उलटतपासणीत कोसळतो आणि ठेवीदार पुन्हा त्याच दारात येतो.

घाईचा दुसरा धोका निरपराधांना आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या उत्साही शोधकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. त्याचा स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी मात्र ते भोगले. नाव सारखे, गाव सारखे, एवढ्यावर सॉफ्टवेअर रेघ ओढते. ती रेघ खरी की खोटी, हे तलाठ्याकडे, बँकेत आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊनच ठरवावे लागेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले आहे. गुन्हा दाखल नसताना कुणाच्या कुटुंबाची जाळी मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासात शिकवले जावे.

स्वागत समितीची या परिषदेकडे एक मागणी आहे. खुल्या स्रोतांतील पुरावा उतरवण्याचा एकच नमुना, मराठीत, तालुक्याच्या पोलीस ठाण्यातही भरता येईल असा, या दोन दिवसांत तयार व्हावा. सरकारी वकिलांनी आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी तो एकत्र बसून लिहावा, अशी विनंती आहे. त्यासाठी उद्या दुपारचे सत्र आम्ही मोकळे ठेवले आहे. निवास, भोजन किंवा प्रवासात काही उणे राहिले तर समितीच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगावे.

पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि परिषदेची सूत्रे अध्यक्षांच्या हाती सोपवतो.