धुळीची पृथ्वी कशी झाली?



आम्ही कामगार संघटनेची माणसे. आकाशाचे ज्ञान मिळविले ते वाचनालयात बसून. म्हणून आज एकच प्रश्न घेतो.

नव्या ताऱ्याभोवती वायू व धूळ यांची चकती फिरत असते. ‘एचएल टॉरी’ ताऱ्याभोवतीची अशी चकती चिलीतील ‘आल्मा’ दुर्बिणींनी २०१४ साली टिपली. चकतीत धूळ वजनाने शंभरांत जेमतेम एक भाग. तिच्यातून पृथ्वी होते कशी?

कण चिकटून खडे होतात, इथवर ठीक. पण वायू आपल्या दाबामुळे खड्यांहून किंचित सावकाश फिरतो. तो खड्याला समोरच्या वाऱ्यासारखा लागतो; वेग मोडतो आणि खडा ताऱ्याकडे सरकतो. पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर धोंडा शेदोनशे वर्षांत ताऱ्यात पडावा! मग आपण येथे कसे?

२००५ साली यूडिन व गुडमन या शास्त्रज्ञांनी वाट दाखविली. खडे दाटीने आले की तेच वायूला बरोबर ओढतात. वारा मंदावतो, बाहेरून येणारे खडे त्यांना मिळतात आणि अखेर तो घोळका स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आवळून कित्येक कोस रुंदीचा गोळा होतो. अशा गोळ्यांतून पुढे ग्रह घडतात. नेपच्यूनपलीकडचा ‘आरोकॉथ’ न्यू होरायझन्स यानाने १ जानेवारी २०१९ रोजी जवळून पाहिला. त्याचे दोन गोळे अलगद जुळलेले आहेत. या विचाराला ती मोठी पुष्टी आहे.

खड्यांना ना सभा, ना ठराव. त्यांच्या गळ्यात आमचा झेंडा बांधणे बरे नव्हे. पण पायाखालची ही भूमी एकट्या खड्याच्या हिकमतीने झालेली नाही, एवढे खरे.