प्रकाशाच्या चिमट्यात एकटा रेणू

(गोरेगाव, जि. हिंगोली येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हळदीच्या पोत्यांनी भरलेली गाडी चढणीला लागली की बैलांची पावले आखूड पडू लागतात, हे गोरेगावच्या शिवारात कोणाला सांगावे लागत नाही. पाऊल आखूड पडले म्हणजे बैल हटला असे नव्हे. ओझे पाहून तो आपली चाल बदलतो. आपल्या शरीरातील पेशींतही असे ओझे वाहणारे रेणू आहेत. त्यांची पावले प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे शास्त्रज्ञ डॉ. रूप मलिक यांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा या भाषणाचा हेतू आहे.

डॉ. मलिक हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. डॉ. होमी भाभा यांनी 1945 साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबई येथे, त्यांनी डॉ. ई. व्ही. संपतकुमारन यांच्यासमवेत दुर्मीळ धातूंच्या संयुगांतील चुंबकीय गुणधर्मांचे संशोधन केले. या विषयात पाय रोवलेले असताना त्यांनी वाट बदलली. अमेरिकेतील अर्व्हाइन येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात, स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत ते सजीव पेशींतील वाहतुकीकडे वळले.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे प्रकाशाचा चिमटा. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर ॲश्किन यांनी 1986 साली तो सिद्ध केला. लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर एकवटला, की प्लॅस्टिकचा अतिसूक्ष्म मणी त्या बिंदूपाशी धरला जातो. मण्याला चिकटलेला रेणू त्यास ओढू लागला, की मणी मध्यापासून किती सरकला यावरून रेणूचे बळ काढता येते. हे बळ पिकोन्यूटनमध्ये मोजतात. सुमारे शंभर ग्रॅम वजनाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाचा भार म्हणजे एक पिकोन्यूटन होय.

पेशीत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात. त्यांवरून कायनेसीन नावाचे प्रथिन सामान्यतः पेशीच्या कडेकडे, तर डायनीन मध्याकडे माल नेते. कायनेसीन पाच-सहा पिकोन्यूटनपर्यंत जोर लावते. डायनीनचा जोर जेमतेम एक पिकोन्यूटन भरला. मात्र 2004 साली डॉ. मलिक, ग्रॉस व त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की ओझे नसताना डायनीन 24 ते 32 नॅनोमीटरची ढांग टाकते आणि ओझे वाढताच पाऊल 8 नॅनोमीटरपर्यंत आखूड करते. मोटारीचा गिअर बदलावा तसा हा प्रकार आहे.

2006 साली डॉ. मलिक मुंबईस त्याच संस्थेत परतले. या वेळी मात्र जीवशास्त्र विभागात. दुबळ्या डायनीनवर पेशीने जड कामे का सोपवावीत, याचे उत्तर त्यांच्या गटाने 2013 साली दिले. पुढच्या रेणूवर ताण पडताच त्याचे पाऊल आखूड होते. मागचे रेणू त्यास गाठतात आणि भार सर्वांत वाटला जातो. बलवान कायनेसीनला अशी सांघिक चाल तितकीशी साधत नाही.

या शोधाचा संबंध रोगांशीही आहे. आपल्या भक्षकपेशी जंतू गिळतात आणि डायनीनचे गट त्या जंतूंची पिशवी पचनस्थानाकडे ओढून नेतात. काळा आजाराच्या परोपजीवीच्या पृष्ठभागावरील एक द्रव्य डायनीनच्या या गटबांधणीत विघ्न आणते, असे 2016 साली या प्रयोगशाळेस आढळले. शरीराच्या बचावात फूट कशी पडते, याचा हा एक धागा होय. पुढे यकृतातील चरबीच्या थेंबांचा अभ्यास झाला. उपवासात इन्सुलिन घटते, कायनेसीन त्या थेंबांवरून सुटते आणि रक्तात जाणाऱ्या चरबीला आळा बसतो, असे त्यातून दिसून आले.

या कार्याबद्दल डॉ. मलिक यांना 2014 साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व 2018 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याच 2018 साली, वयाच्या 96 व्या वर्षी, ॲश्किन यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. डॉ. मलिक पुढे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

धातूंच्या चुंबकत्वापासून यकृतातील चरबीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही आराखड्यात आधी लिहून ठेवता आला नसता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने एका पदार्थवैज्ञानिकास जीवशास्त्राचे दार उघडून दिले, म्हणून तो घडला. शाळेतही विषयांमधील कुंपणे इतकी उंच नसावीत की मुलांना पलीकडचे दिसूच नये. कांद्याचा पातळ पापुद्रा चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली धीराने पाहिला, तर पेशीतील कण सरकताना दिसतात. तेथे कायनेसीन वा डायनीन नव्हे, तर त्यांच्यासारखेच ओढकाम करणारे मायोसीन काम करीत असते. एवढे पाहण्यास लेसर लागत नाही. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेला सूक्ष्मदर्शक बाहेर काढणे शिक्षकांच्या हाती आहे, आणि नसेल तेथे तो मिळवून देणे पंचायतीच्या.