रिकाम्या जागांचा हिशेब



बंधुभगिनींनो, गेल्या आभार-सणाला आपल्या नवापूरच्या केंद्रासमोर पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. वसतिगृहातला सहावीतला एक मुलगा त्या मोजत होता. तो मला म्हणाला, "ताई, त्या गाडीतून एकच माणूस उतरला. बाकीचे कुठे राहिले?" त्याच्या पाड्यावरची जीप बारा-चौदा माणसे भरल्याशिवाय हलत नाही. मला उत्तर देता आले नाही. ती गाडी नाशिकहून मीच एकटीने आणली होती.

रात्री मी हिशेब मांडला. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून डिझेलपेक्षा वायूचे वजन जास्त भरते. जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर. म्हणजे २५ लिटर डिझेल आणि सुमारे ६७ किलो वायू. चौघे आलो असतो, तर माणशी १७ किलोच पडला असता.

हा वायू पृथ्वी तापवतो. त्याने पावसाचे तंत्र बिघडले की डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर भात-नागली पेरणाऱ्याला आधी फटका बसतो. ज्याच्या दारात सायकलही नाही, तो आपल्या धुराची किंमत मोजतो.

आपली रुग्णांची जीप बंद करा, असे मी म्हणत नाही. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात नेणारे डिझेल वाया जात नाही. जिथे आपल्याला दुसरा मार्ग आहे, तिथे काटकसर करू. सुरत-जळगावकडच्या मंडळींना नवापूरपर्यंत रेल्वे आहे. ती विजेवर धावते. बरीच वीज कोळशाची असली, तरी तिचा वाटा शेकडो प्रवाशांत विभागला जातो. नाशिककरांना एस.टी. आहे. गाडी आणायचीच असेल, तर चौघे मिळून या. वाचलेले पैसे रुग्णांच्या जीपसाठी द्या.

देवाने आदामाला बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करायला. आपण मालक नाही, कारभारी आहोत. हिशेब द्यावा लागणार आहे.

यंदाच्या सणाला मी एस.टी.ने येणार आहे. त्या मुलाला मी गाड्या पुन्हा मोजायला सांगितले आहे.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.