‘स्वसंरक्षणार्थ गोळीबार’ : कायदा, बातमी आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही वकील नाही आणि पत्रकारही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाचे काम करणारी साधी माणसे आम्ही. तरीही आज हा विषय निवडला, कारण वर्तमानपत्रात वरचेवर येणारे एक वाक्य आमच्या मनात रुतून बसले आहे. ‘स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात अमुक ठार.’ चहाच्या घोटाबरोबर आपण हे वाक्य वाचतो आणि पान उलटतो. या वाक्यात एक माणूस मेलेला असतो, आणि त्याच वाक्यात निकालही लागलेला असतो. ‘स्वसंरक्षणार्थ’ हा शब्द बातमीचा नव्हे, निकालाचा शब्द आहे. तो कोणी दिला, कशाच्या आधारावर दिला, एवढेच आज तपासायचे आहे.

प्रथम कायदा पाहू. स्वतःचा व दुसऱ्याचा जीव वाचविण्याचा हक्क आपल्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हा हक्क गरिबालाही आहे, बाईलाही आहे, रात्री दुसरी पाळी संपवून कंपनीतून एकट्या घरी येणाऱ्या कामगारालाही आहे. परंतु त्याला कुंपण आहे. पोलिसांकडे जाऊन संरक्षण मिळविण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळत नाही. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘मी स्वसंरक्षणासाठी मारले’ असे जो म्हणतो, ते दाखवून देण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही नोंद आहे, आणि नोंदीमागे व्हाउचर पाहिजे. व्हाउचर नसेल तर साहेबांनी सांगितले तरी नोंद पास होत नाही. मग माणसाच्या मृत्यूची नोंद मात्र व्हाउचरशिवाय कशी पास होते?

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे सर्वांत जळजळीत उदाहरण आपल्याच घरातले आहे. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वसाहत, दिनांक ११ जुलै १९९७. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले, संतापले, शेजारच्या द्रुतगती महामार्गावर उतरले. सकाळीच राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि गोळीबार झाला. १० जण मृत्युमुखी पडले, २६ जखमी झाले. अनेकांना कमरेच्या वर गोळ्या लागल्या. मेलेल्यांत ज्यांचा रस्ता अडविण्याशी काहीही संबंध नव्हता अशी माणसेही होती. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपली जीवनयात्रा संपविली. ही वेदना गाण्यातही मावली नाही.

आता त्या वेळचे समर्थन पाहा. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, स्फोट झाला असता तर मोठी प्राणहानी झाली असती, म्हणून गोळीबार करावा लागला. म्हणजे दुसऱ्यांचे जीव वाचविण्यासाठी! जळत्या टँकरची दृश्ये लोकांसमोर आली. ज्याने ती पाहिली त्याला वाटले, खरेच, दुसरा उपाय तरी काय होता? चित्र खरे होते. परंतु टँकर कुठे होता, माणसे कुठे पडली, आधी काय घडले आणि नंतर काय, हे एका चित्रात दिसत नाही. ते विचारावे लागते.

विचारले कोणी? वस्तीतल्या माणसांनी. ज्यांच्या घरचे गेले त्यांनी साक्षी दिल्या. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगासमोर हा सारा प्रकार आला, आणि आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. टँकरची सबब टिकली नाही. पुढे मे २००९ मध्ये गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटात या गोळीबाराची व टँकरच्या कथेची तपासणी आहे. विद्यार्थ्यांनी तो एकदा तरी पाहावा.

यातून आम्ही एक हिशेब मांडतो. टँकरची गोष्ट सांगायला एक दिवस पुरला. ती खोडून काढून न्यायालयातून निकाल मिळवायला जवळजवळ १२ वर्षे लागली. पहिली गोष्ट पहिल्या पानावर आली. शेवटची किती जणांनी वाचली? आपल्यापैकीही किती जणांना तो निकाल ठाऊक होता, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

येथे थोडे परदेशात डोकावू. अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्यांची ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ नावाची बलाढ्य संघटना आहे. निवडणुकीत कोणाला मदत करायची, कोणाला पाडायचे, कोणता कायदा आणायचा, यावर तिने वर्षानुवर्षे वजन टाकले. २००५ मध्ये फ्लोरिडा राज्यात तिच्या जोरावर स्वसंरक्षणाचा कायदाच बदलला. पूर्वी रस्त्यावर भांडण झाले आणि सुरक्षितपणे मागे हटता येत असेल तर मागे हटणे हे कर्तव्य होते. नव्या कायद्याने ते कर्तव्य काढून टाकले. पुढे तशाच कायद्याचा नमुना अनेक राज्यांत गेला. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा वस्तीत पहारा ठेवणाऱ्या एका माणसाच्या गोळीने मेला. ‘स्वसंरक्षण’ म्हटल्यामुळे मारणाऱ्याला सहा आठवडे अटकही झाली नाही. आईवडिलांनी हाक दिली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा खटला उभा राहिला. जुलै २०१३ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. आणि २०१७ मध्ये त्या राज्याने आणखी एक पाऊल टाकले. असा बचाव घेणाऱ्यावरील पुराव्याचा भार खटल्यापूर्वीच्या सुनावणीत उचलून सरकारी पक्षावर टाकला. म्हणजे मारणाऱ्याने व्हाउचर द्यायचे नाही, मेलेल्याच्या बाजूने ते शोधून आणायचे!

बातमीवरही या संघटनेचा डोळा असतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० बालके व ६ मोठी माणसे गोळीबारात मेली. आठवड्याने संघटनेच्या प्रमुखाने भाषण केले आणि बोट दाखविले ते व्हिडिओ गेम, चित्रपट व प्रसारमाध्यमांकडे. शाळेत बंदूकधारी रखवालदार नेमा, हा त्यांचा उपाय. दोष सर्वांचा, फक्त बंदुकीचा नाही.

तुम्ही म्हणाल, साहेब, आपल्याकडे अशी संघटना कुठे आहे? येथे तर १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, परवाना मिळविताना जोडे झिजतात, निवडणूक लागली की परवान्याची बंदूकही जमा करावी लागते. खरे आहे. बंदुकांचा बाजार मांडून कायदा वाकविणारी तेवढी मोठी शक्ती आपल्याकडे नाही. उलट आपल्या कायद्याने एक गोष्ट स्पष्टपणे ओळखली आहे, की गावात बंदूक कोणाच्या हाती आहे यावर कोणाचा जीव धोक्यात हे ठरते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ प्रत्येकाने वाचावा. अत्याचाराचा धोका असलेल्या क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींच्या बाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने द्यावेत, अशी तरतूद त्यात आहे. ज्या समाजाला चातुर्वर्ण्याने शस्त्रही नाकारले आणि अक्षरही नाकारले, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. परंतु या नियमाची मागणी कलेक्टर कचेरीत लेखी करणारे किती?

मात्र आपल्याकडे दुसरी एक शक्ती आहे, आणि ती कोणत्याही संघटनेपेक्षा मोठी आहे. ती म्हणजे टाळ्या. २०२४ च्या सप्टेंबरात बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. स्वसंरक्षणार्थ, असे सांगण्यात आले. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या बळाच्या वापराचे समर्थन केले नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. आम्हालाही लेकी आहेत. त्या प्रकरणाने आमचेही रक्त तापले होते. परंतु शांतपणे विचार करा. आरोपी मेला, की साक्ष मेली, खटला मेला. त्या मुलींना न्यायालयाचा निकाल मिळायला हवा होता, त्यांना फलक मिळाला.

आपले वाळूज तरी दूर कुठे आहे? मे २०२५ मध्ये बजाजनगरातल्या मोठ्या दरोड्यातील एक संशयित पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हाही हाच शब्द आपण वाचला. त्या प्रकरणाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पोलिसांचाही जीव जीवच असतो, आणि त्यांच्यावर खरोखर हल्ला होतो तेव्हा त्यांनाही तोच हक्क आहे. आमचे म्हणणे इतकेच, की निवाडा आमचा नाही तसा पहिल्या दिवशीच्या बातमीचाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्राच्याच प्रकरणात, चकमकीतील मृत्यूंसाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवावा, तपास सी.आय.डी.ने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. हे झाले का, असे विचारणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे नव्हे.

विचारून काही होते का? होते. मुंबईत ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया हा माणूस वर्सोव्याला चकमकीत ठार झाल्याचे जाहीर झाले. परंतु त्याच्या वकील भावाच्या बाजूने त्याच दिवशी, मृत्यूची बातमी येण्यापूर्वीच, त्याला उचलून नेल्याच्या तारा व फॅक्स वरिष्ठांना गेलेले होते. त्या कागदांवर तारीख होती, वेळ होती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरविले, त्यांत १३ पोलीस होते. मेलेल्या माणसावर गुन्हे होते, तरी त्याच्या मृत्यूची नोंद तपासली गेली. हे घडले ते एका तारेच्या पावतीमुळे. मित्रांनो, व्हाउचर म्हणतात ते हे!

म्हणून विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी सांगतो आणि पुरे करतो. पहिली, गोळीबाराची बातमी वाचताना पाहा, की ‘पोलिसांनी सांगितले’ असे लिहिले आहे की घडले तसेच छापले आहे. मेलेल्याच्या घरच्यांचे म्हणणे एका ओळीत तरी आहे का? दुसरी, बातमी कापून वहीत चिकटवा, तारीख घाला आणि महिन्याने, वर्षाने त्याच प्रकरणाचे पुढे काय झाले ते शोधा. संस्थेच्या वाचनालयात अशी एक वही सुरू करावी, अशी पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे. तिसरी, वस्तीत काही अघटित घडले तर ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी त्याच दिवशी लिहून काढावे. कोण कुठे उभे होते, किती वाजले होते, आधी काय झाले. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. चौथी, ज्याचा आपल्याला राग आहे अशा माणसाच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारावेत. ज्या दिवशी आपण टाळ्या वाजवून एक नोंद व्हाउचरशिवाय पास करतो, त्या दिवशी रमाबाई नगरासारखी नोंदही तशीच पास करण्याची वाट मोकळी होते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका. आज त्यात ‘छापून आले म्हणून’ आणि ‘चित्रात दिसले म्हणून’ एवढी भर आपण घालावी. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. बंदूक फार थोड्यांच्या हाती असते. लेखणी आज आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे, आणि घाटकोपरच्या त्या दहा जणांची बाजू अखेर साक्षीच्या कागदानेच राखली.



जय भीम! जय भारत!