म्हातारपणाची काठी



आपल्या भाषेत कर्त्या मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात आणि एकुलत्या एका आधाराला आंधळ्याची काठी. काठीला एवढा मान देणारे आपण लोक. पण खऱ्याखुऱ्या काठीची चौकशी मात्र फारशी करीत नाही. ती किती उंचीची असावी, कुठे मिळते, टोकाचे रबर झिजले तर काय करावे, हे प्रश्न घरात सहसा निघत नाहीत. 'वय झालं, आता असं व्हायचंच,' असे म्हणून आपण मोकळे होतो. आज मला याच विषयावर थोडे बोलायचे आहे. काठी, कुबडी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कृत्रिम पाय, या वस्तू ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत त्या न्यायाने पोचतात का, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न थोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली एक अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की, जगात अडीचशे कोटींहून अधिक माणसांना असे एखादे तरी साधन लागते आणि त्यांपैकी जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. काही गरीब देशांत तर गरजू शंभरांपैकी तिघांच्याच हाती ते पोचते. आयुर्मान वाढत चालले आहे, तेव्हा आज ना उद्या हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर यायचाच आहे.

आता, आपल्या देशात ही साधने होत नाहीत असे मुळीच नाही. पुण्याचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी उघडलेले. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. कानपूरला कृत्रिम अंगे बनविणारे सरकारी महामंडळ, म्हणजे ज्याला 'अलिम्को' म्हणतात ते, १९७२ साली स्थापन झाले. आणि जयपूरच्या पायाचे नाव तर आपण ऐकलेलेच आहे.

या जयपूर फूटची हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यापूर्वी जो कृत्रिम पाय मिळे तो परदेशी धर्तीचा. त्याला बूट घालावाच लागे. मांडी घालून बसता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, ओल्या शेतात उतरता येत नसे. मग रुग्ण तो पाय घरी नेई, कोपऱ्यात ठेवी आणि पुन्हा कुबडी हाती घेई. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय तयार केला की, तो घालून अनवाणी चालता येईल, चिखलात उतरता येईल आणि जमिनीवर बसताही येईल. रामचंद्र फारसे शिकलेले नव्हते. पण आपली माणसे कशी बसतात, कशी उठतात, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या कर्जत-खालापूरच्या भातशेतीत काम करणाऱ्या माणसाला, चार महिने चिखल तुडवणाऱ्या माणसाला, यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. साधन चांगले कोणते? तर ज्याच्यासाठी ते आहे त्याच्या जगण्याला जे बसते ते.

कायद्याची बाजूही दुबळी नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, ती आता एकवीस झाली. साधने देण्याची केंद्राची 'ॲडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. वृद्धांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना आली. साठी उलटलेल्या गरीब माणसाला काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, दातांची कवळी असे जे लागेल ते तीत फुकट मिळते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्ट वर्षांवरील गरजूंच्या बँकखात्यात एकदा तीन हजार रुपये द्यावयाचे, अशी ती योजना.

मग अडते कुठे? आपण एका आजीबाईंची कल्पना करू. खोपोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेच्या एखाद्या वाडीत त्या राहतात. अर्धांगाने एक पाय गेलेला. त्यांना चाकाची खुर्ची हवी. त्यासाठी दाखला हवा. तो किमान चाळीस टक्क्यांचा हवा. दाखल्याच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात, म्हणजे अलिबागला जायची वेळ आली तर पेणवरून साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास. रेल्वे आमच्या गावाला आहे, पण ती कर्जतकडे जाते. म्हणजे एस.टी.च्या पायऱ्या चढणे आले, बरोबर एक माणूस आला, त्याची मजुरी बुडाली. ज्या बाईला चालता येत नाही म्हणून खुर्ची हवी, तिने चालत जाऊन ते सिद्ध करायचे! नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण नियम सगळ्यांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला, असे होत नाही.

दुसरी अडचण मापाची. शिबिरात एकाच दिवशी शेकडो वस्तू वाटल्या जातात. पाहुणे येतात, हार होतात, छायाचित्रे निघतात. खुर्ची घरी येते आणि मग कळते की, ती दारातून आत जात नाही, आणि वाडीच्या चढणीवर तर तिचा उपयोगच नाही. श्रवणयंत्राचे तसेच. पहिले काही दिवस त्यातून नुसता गोंगाट वाटतो; कानाला सवय व्हावी लागते, आवाज पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते कुणी सांगितलेले नसते, म्हणून यंत्र ट्रंकेत जाते. आमच्याकडच्या पावसात दमट हवेने ते बिघडते. रात्री सुक्या डबीत ठेवा, एवढी एक सूचना मिळाली असती तरी ते टिकले असते.

तिसरी अडचण दुरुस्तीची. ॲडिपमधून एकदा साधन घेतले की, त्याच कारणासाठी मोठ्या माणसाला तीन वर्षे पुन्हा मिळत नाही. वयोश्रीतल्या वस्तूंची फुकट देखभाल एक वर्षाची. चाक त्यानंतर मोडले तर? तीन हजार रुपयांत काठी, चष्मा, कमरेचा पट्टा येईल. पण बरे श्रवणयंत्र त्यात बसत नाही. शिवाय ज्याचे उत्पन्न मर्यादेहून चारशे-पाचशे रुपयांनी जास्त, तो दोन्हीकडून सुटतो. त्याला सरकार गरीब म्हणत नाही आणि दुकानदार श्रीमंत म्हणत नाही.

आणि चौथी अडचण आपल्या घरातली आहे, बरं का. आजोबांना ऐकू येईनासे झाले तर घरात निदान बोलणे निघते. आजींचे मात्र 'त्यांना कुठे बाहेर जायचंय' म्हणून राहून जाते. त्याही काही मागत नाहीत. मागण्याची सवयच नसते.

आता यावर काय करता येईल? आमच्या खोपोलीपुरते बोलतो. घाटावरचे पाणी नळांतून खाली आणून त्यावर केलेली वीज १९१५ सालापासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. तेव्हापासून हे कारखान्यांचे गाव. लेथ चालवणारे, वेल्डिंग करणारे, सायकली दुरुस्त करणारे हात इथे भरपूर आहेत. चाकाच्या खुर्चीचे बेअरिंग बदलणे, कुबडीला रबर बसवणे, उंबरठ्याला लोखंडी उतार करून देणे, हे त्यांना अवघड नाही. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्य शासनाचा आदेश आहे. त्या पैशातून गावात दुरुस्तीचे एक टेबल का असू नये? आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी. आणि दाखल्यासाठी माणसाला जिल्ह्याला नेण्याऐवजी डॉक्टरांचे पथक ठरल्या दिवशी तालुक्याला का येऊ नये? ग्रामसभेत हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. तो पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही, हक्काचा आहे.

जाता जाता काठीविषयी दोन गोष्टी, कारण त्या आजच्या आज करता येतील. माणसाला नेहमीच्या चपला घालून सरळ उभे करा, हात सैल सोडू द्या. काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकावे. काठी लांब असेल तर खांदा उचलला जातो, आखूड असेल तर माणूस वाकतो. दुसरे असे की, काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीने काही फरक पडत नाही म्हणतात. आणि टोकाचे रबर गुळगुळीत झाले असेल तर पावसाळ्यापूर्वी बदला. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर त्या वयात ते फार महागात पडते.

कार्तिकी एकादशीला आमच्याजवळ साजगावच्या धाकट्या पंढरीची जत्रा भरते. गर्दीत काठी टेकीत येणारी म्हातारी माणसे पुष्कळ दिसतात. जी दिसत नाहीत, जी घरीच राहिली, त्यांची यादी कुणाजवळ नाही. ती यादी आपापल्या आळीपुरती करणे हे शाळा-कॉलेजातल्या मुलांना सहज जमण्यासारखे काम आहे. मुलांनी घरोघर जाऊन दोनच प्रश्न विचारावेत : घरात कुणाला नीट चालता, ऐकता किंवा पाहता येत नाही, आणि त्यांना काय लागते? उत्तर मात्र त्या माणसाच्या तोंडून घ्यावे. सून, मुलगा सांगेल ते नव्हे. ती यादी नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवली, तिची पोच घेतली, म्हणजे पाच टक्क्यांचा हिशेब विचारायला आपल्या हातात काही तरी असेल.