रिकाम्या रकान्याचा निर्णय

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. माणसांना ही बातमी वर्तमानपत्रांतून कळली. प्रोग्रामला मात्र ती कोणीतरी सांगावी लागते. समजा, 2010 साली बोईसरमधल्या एका प्रोग्रामरने पावती छापणारे फंक्शन लिहिले. त्याला तीन पॅरामीटर दिले: नाव, गाव आणि जिल्हा. ग्राहक सगळे आसपासचे, म्हणून तिसऱ्या पॅरामीटरला त्याने डिफॉल्ट देऊन टाकला. जिल्हा कोणी भरला नाही तर ‘ठाणे’ धरायचे. चार वर्षे सगळे सुरळीत चालले. त्या 1 ऑगस्टपासून त्याच फंक्शनने बोईसरच्या प्रत्येक पावतीवर चुकीचा जिल्हा छापला असता, आणि तेही एकही एरर न दाखवता.

फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेले काम आणि पॅरामीटर म्हणजे ते काम करण्यासाठी लागणारी माहिती. कॉल करणाऱ्याने त्यातले काही सांगितले नाही, तर त्याच्या वतीने जी व्हॅल्यू धरली जाते ती डिफॉल्ट. समोर नसलेल्या माणसासाठी घेतलेला हा निर्णय असतो. तो घेणारा कोड लिहून निघून जातो, परिणाम भोगणारा कित्येक वर्षांनी येतो आणि दोघांची भेट कधीच होत नाही.

चूक कळल्यावर ती दुरुस्त करणे तरी सोपे असते का? ते भाषेवर अवलंबून असते. समजा, हे फंक्शन अनेक प्रोग्राम वापरतात अशा एका लायब्ररीत आहे. पायथनमध्ये तिथला ‘ठाणे’ बदलून ‘पालघर’ केला की पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू होताच सगळीकडे पालघर येते. सी शार्पमध्ये तसे होत नाही. या भाषेत 2010 च्या चौथ्या आवृत्तीपासून असे पॅरामीटर लिहिता येतात, पण डिफॉल्ट व्हॅल्यू कंपाईल होताना, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर होताना, कॉल करणाऱ्या कोडमध्ये कायमची लिहिली जाते. लायब्ररी नवी आणली तरी जुना प्रोग्राम पुन्हा कंपाईल करेपर्यंत ‘ठाणे’च पाठवत राहतो. सी प्लस प्लसमध्येही डिफॉल्ट कॉल करणाऱ्याच्या बाजूनेच भरला जातो. भाषा घडवणाऱ्यांनी कधीकाळी घेतलेला एक तांत्रिक निर्णय असा एखाद्या गावच्या पावतीपर्यंत येऊन पोचतो.

‘काहीच सांगितले गेले नाही तर काय व्हावे’ या प्रश्नाचा सगळ्यात कसून विचार प्रोग्रामरांच्या आधी यंत्रे बांधणाऱ्यांनी केला आहे, आणि त्याची उत्तम उदाहरणे बोईसरच्याच पट्ट्यात आहेत. तारापूर अणुवीज केंद्रातले प्रत्येकी 540 मेगावॉटचे तिसरा आणि चौथा हे संच 2005-06 मध्ये वीज देऊ लागले. त्यांत अणुभट्टी झटकन बंद करणारे कॅडमियमचे दांडे गाभ्याच्या वर विद्युतचुंबकीय क्लचने धरून ठेवलेले असतात. वीज गेली की क्लच सुटतो, दांडे आपल्याच वजनाने खाली पडतात आणि साखळी अभिक्रिया थांबते. ‘थांब’ असा हुकूम कोणी द्यावा लागत नाही. दांडे वर राहण्यासाठी मात्र क्षणोक्षणी वीज पुरवावी लागते. 1969 च्या पहिल्या दोन संचांची रचना वेगळी आहे. ते उकळत्या पाण्याच्या जातीचे, दांडे खालून वर जाणारे. तिथे गुरुत्वाकर्षण उपयोगी पडत नाही, म्हणून दांडे ढकलायला लागणारा दाब आधीच साठवून ठेवतात आणि वीज गेली की तो मोकळा होईल अशी योजना करतात. साधने निराळी, पण शांततेचा अर्थ दोन्हीकडे एकच: थांबा.

बोईसरच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत तर याहून बारीक विचार दिसतो. तिथले कंट्रोल व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालतात. ही हवा, म्हणजे इन्स्ट्रुमेंट एअर, बंद पडली की आतली स्प्रिंग व्हॉल्व्हला एका टोकाला नेऊन सोडते. कोणत्या टोकाला, हे व्हॉल्व्हची ऑर्डर देतानाच लिहावे लागते: फेल ओपन की फेल क्लोज. ज्या रिॲक्टरमध्ये अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते, त्याच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह फेल ओपन ठेवतात. वाफेचा आणि कच्चा माल सोडणारा फेल क्लोज. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच कंपनीचे, एकाच मापाचे असतील, तरी डिफॉल्ट उलटे. यातली एक गोष्ट प्रोग्रामरांनी मनावर कोरून घ्यावी अशी आहे. रिॲक्टर तापवताना वाफेचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळ उघडाच असतो. ‘नेहमीचे तेच डिफॉल्ट’ हा नियम लावला असता, तर हवा गेल्यावरही तो उघडाच राहिला असता. इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर नेहमी काय असते हे विचारत नाही. तो विचारतो, दाब गेल्यावर काय असले म्हणजे कोणी भाजणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. 2014 च्या डिसेंबरपर्यंत पायथनची लायब्ररी एचटीटीपीएस वेबसाइटला जोडली जाताना समोरचे प्रमाणपत्र खरे आहे का, हे आपणहून तपासतच नव्हती. तपासायला वेगळे सांगावे लागे, आणि सांगणारे थोडे. 2.7.9 या आवृत्तीने तो डिफॉल्ट उलटा केला: तपासणी नेहमी होणार, ती नको असेल तर तसे स्पष्ट लिहा. त्यामुळे काही जुने प्रोग्राम बंद पडले, तक्रारीही झाल्या. तरीही तो बदल योग्यच होता. जे काम धोक्याचे आहे, ते करवून घेणाऱ्याला चार अक्षरे जास्त टाइप करावी लागली तर बिघडत नाही.

म्हणून डिफॉल्ट वाईटच, असे म्हणणारी एक विचारधारा आहे. गो या भाषेत डिफॉल्ट पॅरामीटर मुद्दाम ठेवलेले नाहीत. गोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या रॉब पाइक यांनी 2012 मध्ये याचे कारण मांडले, त्याचा आशय असा: फंक्शनची रचना चुकली की ती सुधारण्याऐवजी माणसे आणखी एक डिफॉल्ट पॅरामीटर जोडत जातात आणि शेवटी त्या पॅरामीटरांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हेच कोणाला समजत नाही. जावा आणि रस्टमध्येही डिफॉल्ट नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण बंदी हा उपाय नाही. पायथनचे फाइल उघडणारे ‘ओपन’ हे फंक्शन पाहावे. त्याला आठ पॅरामीटर आहेत. ते सगळे दर वेळी लिहायचे ठरले असते तर शाळेतल्या मुलाने पहिल्याच दिवशी पायथन सोडून दिले असते. सक्तीचे फक्त एक, फाइलचे नाव. बाकीच्या सातांपैकी ‘मोड’चा डिफॉल्ट फार शहाणा आहे: फाइल वाचण्यासाठी उघडायची. लिहिण्याचा मोड जुनी फाइल कोरी करतो. म्हणून तो हवा असल्यास मागून घ्यावा लागतो.

एक खोड मात्र पायथनने आजही सोडलेली नाही. डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शन तयार होताना एकदाच बनते, दर कॉलला नव्याने नाही. गावांची नोंद करणाऱ्या फंक्शनला डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिली आणि एकदा ‘बोईसर’, मग ‘तारापूर’ असे दोन स्वतंत्र कॉल केले, तर दुसऱ्या यादीत दोन्ही गावे निघतात. जावास्क्रिप्टने 2015 मध्ये डिफॉल्ट आणले तेव्हा ती व्हॅल्यू दर कॉलला नव्याने काढायची असे ठरवले. नवशिक्याची अपेक्षाही तीच असते. पायथनमध्ये डिफॉल्ट ‘नन’ ठेवून नवी यादी फंक्शनच्या आत बनवायची, हा उपाय सगळे शिकतात, पण बहुतेक जण ठेच लागल्यावरच.

मराठीत काम करणाऱ्यांना सर्वाधिक त्रास दिला तो त्याच ‘ओपन’च्या दुसऱ्या एका पॅरामीटरने. त्याचे नाव एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत. ते लिहिले नाही तर ज्या संगणकावर प्रोग्राम चालतो त्याची पद्धत धरली जाते. लिनक्सवर ती बहुधा युटीएफ-8 असते, इंग्रजी विंडोजवर मात्र 1252 क्रमांकाचे जुने पाश्चात्त्य कोष्टक. युटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पालघर’ या शब्दात काना धरून पाच चिन्हे, म्हणजे 15 बाइट. 1252 च्या कोष्टकात त्या पंधराही बाइटना काही ना काही अर्थ आहे, म्हणून प्रोग्राम कुरकुर न करता पंधरा परकी चिन्हे हाती देतो. ‘जिल्हा’ या शब्दाचे तसे होत नाही. त्यातल्या ‘ल्हा’मध्ये हलन्त चिन्ह दडलेले आहे, त्याचा शेवटचा बाइट त्या कोष्टकात रिकाम्या घरावर पडतो आणि प्रोग्राम एरर देऊन थांबतो. रिकाम्या घरावर पडणारे असे चिन्ह आले की चूक उघड होते, नाही आले तर ती निमूटपणे डेटाबेसमध्ये जाऊन बसते. थांबणारा प्रोग्राम त्रास देतो, पण त्याच दिवशी दुरुस्त होतो. तारापूरच्या दांड्यांचा धडा इथेही तसाच लागू आहे.

हा डिफॉल्ट बदलण्याचा प्रस्ताव पायथनच्या विकासकांपैकी एक असलेल्या जपानच्या इनादा नाओकी यांनी मांडला. जपानी लिपीलाही हाच जाच होता. 2022 मध्ये तो मान्य झाला आणि पायथनच्या 3.15 या आवृत्तीपासून युटीएफ-8 हाच डिफॉल्ट करायचे ठरले. भाषा 1991 ची, निर्णय 31 वर्षांनंतरचा. जगभरचे चालू प्रोग्राम मोडू नयेत म्हणून इतकी सावधगिरी बाळगावी लागली. एकदा दिलेला डिफॉल्ट परत घेणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

जुन्या आवृत्त्या कार्यालयांतून, महाविद्यालयांतून आणि कारखान्यांतून अजून बरीच वर्षे चालत राहतील. पालघर-बोईसरमध्ये कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने तोवर दोन गोष्टी कराव्यात. मराठी मजकुराची फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-8 असे दर वेळी लिहावे. आणि जिल्ह्याच्या रकान्याला डिफॉल्ट देऊ नये. तो भरणाऱ्यालाच विचारावा.